बाबा कधी रडले नाहीत

पत्र : ताई, नमस्कार. मी भांडुपला राहतो, वय ५४, सरकारी बँकेत अधिकारी. मूळचे आम्ही लालबागचे. वडील गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. ८२च्या संपात घर बसलं तेव्हा मी पाचवीत होतो. आईने खानावळीच्या चपात्या लाटल्या, मी शाळेआधी पेपर टाकले. मोठा भाऊ वाईट संगतीला लागला, त्याचं पुढे काही झालं नाही. बाबा संपानंतर दोन वर्षं गॅलरीत स्टुलावर बसून असायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. पण कधी रडले नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण राहिलो आणि निभावून नेलं. आता माझे चिरंजीव : वय २४, इंजिनीअर, स्वतःची खोली, एसी. ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी नऊ महिन्यांत सोडली, दुसरी हातात नसताना. म्हणे रात्री अकरा-अकरापर्यंत अमेरिकेच्या मीटिंगा, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, समुपदेशकाकडे जायचंय. राजीनाम्यात चक्क ‘मानसिक ताण’ असं कारण लिहिलं. मी म्हटलं, अरे, घरगुती कारण लिही! ताई, ही पिढी इतकी लेचीपेची कशी निघाली? ता. क. पत्र छापलंत तर नाव नको, ऑफिसात सगळे वाचतात.

उत्तर :

भांडुपकर भाऊ, नमस्कार.

पत्र तुम्ही मुलाबद्दल लिहिलंय, पण मी बराच वेळ मुलापर्यंत पोचलेच नाही. त्या स्टुलाशी अडकले.

परळच्या एका रुग्णालयात मानसोपचार विभागात मी समाजसेविका म्हणून लागले, ते १९८१ साल. हाताखालची फाइल नीट लावायला शिकेपर्यंत १८ जानेवारी १९८२ उजाडला आणि अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढची तीन-चार वर्षं त्या माणसांनी ओपीडी भरलेली असायची. आमची नव्हे, मेडिसिनची. पोटात गोळा येतो. हातापायातली ताकदच गेली. डोक्याला मुंग्या येतात. छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं, कार्डिओग्राम चांगला. मग तिथले डॉक्टर आमच्या विभागाच्या नावाने चिठ्ठी लिहून द्यायचे आणि माणूस जिन्यापर्यंत येऊन चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकायचा की गेला खाली. आमच्या विभागाला सगळं परळ ‘येड्यांचा वॉर्ड’ म्हणायचं. लग्नाच्या मुली असलेला बाप तिथे पाऊल कशाला ठेवेल?

एकाला त्याची बायको घेऊन आली होती. नवरा रोज सकाळी साडेसहाला डबा घेऊन बाहेर पडायचा, सातच्या पाळीला. गिरणीचं फाटक बंद. हा मैदानात जाऊन बसायचा, बाराला डबा खायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला साडेतीननंतर घरी यायचा. आठ महिने हेच. बायकोला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तेव्हा नवशिकी, मी तिला विचारलं, तुम्ही त्यांना बोलला कशा नाहीत? तर म्हणाली, “बोलून काय करू? डबा आहे म्हणून तरी उठतो.” आठ महिने ती बाई रोज सकाळी तो डबा भरत होती. भाजी नसली तर चटणी-भाकरी, पण डब्याचे दोन्ही पुडे भरलेले. त्याला गोळ्या सुरू झाल्या, दोनदा आला, मग ती मंडळी गावी निघून गेली. चाळीतल्या कोणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं, फार सोशिक माणूस, कधी तक्रार नाही.

तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही. पत्रावरून निदान करायचं नसतं, आणि गेलेल्या माणसाचं तर नाहीच. पण कमावता, धडधाकट माणूस दोन वर्षं स्टुलावर बसून राहतो, कोणाशी बोलत नाही, हे आज कोणी मला सांगितलं तर माझा पहिला प्रश्न झोपेबद्दल असेल, दुसरा भुकेबद्दल. ‘रडले का?’ हा प्रश्न माझ्या यादीत कुठेच नाही. न रडणं म्हणजे सोसणं, असं तुम्ही धरून चाललाय. मला ते तितकंसं पटत नाही. ज्या आजाराला त्या काळी गिरणगावात नावच नव्हतं, त्याचा तुमच्या घरात दोन वर्षं मुक्काम होता की काय, अशी मला दाट शंका आहे. तुमचा मुलगा त्याला नाव देतोय, तेही नवव्या महिन्यात.

आता पत्रातली दोन वाक्यं, जी तुम्ही भरभर उरकलीत.

आई. ‘खानावळीच्या चपात्या लाटल्या’ एवढ्यात तुम्ही तिला आटोपलंत. किती लाटायची हो? ज्या बायकांकडे मी घरभेटीला जायचे त्यांच्याकडे एका वेळेला वीस-पंचवीस माणसांचं जेवण असायचं, दोन्ही वेळचं, आणि रॉकेल नसलं की त्यावरून भांडणं. किराण्याचं उधार डोक्यावर, सावकाराचं व्याज वेगळं. या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते संपाच्या सात वर्षं आधी. म्हणजे गिरण्या धडधडत चालू होत्या तेव्हाही गिरणगावातली कितीतरी घरं बायकांच्या पोळपाटावर तरलेली होती. संपात ते नुसतं उघडं पडलं. तुम्ही ज्याला आपल्या पिढीचा कणखरपणा समजता, त्यातला मोठा वाटा एका बाईच्या मनगटात होता आणि तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुला झोप लागते का.

आणि भाऊ. ‘त्याचं पुढे काही झालं नाही.’ हे वाक्य लिहिताना तुमचा हात थांबला असणार, कारण पुढच्या शब्दाची शाई बदललीय. (हाताने लिहिलेली पत्रं मला म्हणूनच आवडतात.) एका खोलीत, एका संपात, एकाच ताटातलं खाऊन वाढलेली दोन मुलं. एक पहाटे पेपर टाकून बँकेत अधिकारी झाला आणि दुसऱ्याचं काही झालं नाही. मग ‘आमची पिढी’ म्हणताना तुम्ही फक्त स्वतःला मोजता, भावाला नाही, असं कसं? लालबाग-परळमध्ये त्या दशकात किती पोरं टोळ्यांच्या नादी लागली, किती बाप गुत्त्यावर संपले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ती माणसं आज मुलाला चार शब्द सुनवायला शिल्लक नाहीत. शिल्लक राहिलेले सुनवतात. याहून मागे जायचं तर तुमचा जन्म १९७१चा. त्या वर्षी देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच गेली. २०२० साली हा आकडा २८ होता. जुनी माणसं भक्कम दिसतात याचं एक साधं कारण असं, की जी भक्कम नव्हती त्यांचा फोटोसुद्धा भिंतीवर नाही.

चटके बसले की माणूस घडतो, हे आपल्याकडे इतक्या वेळा म्हटलं जातं की कोणी तपासायला जात नाही. हवाई बेटांतल्या कवाई नावाच्या बेटावर एकदा ते तपासलं गेलं. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरात दारू, आईबापांची भांडणं, आजारपण असं सगळं ज्यांच्या वाट्याला एकदम आलं, त्या मुलांतलं तिघांपैकी एक मूल नीट उभं राहिलं. तिघांपैकी दोन शाळेत मागे पडली, नाहीतर वयात येताना घसरली. जे एक उभं राहिलं, त्याच्याबाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : त्याला आपलं म्हणणारं निदान एक मोठं माणूस होतं. आई नसेल तर आजी, मावशी, शेजारीण, शाळेतल्या बाई. आणि जी घसरली होती त्यातलीही बरीच पुढे तिशी-चाळिशीत सावरली, चांगली नोकरी, चांगला जोडीदार, पुन्हा शिकायची संधी असं काहीतरी हाताला लागल्यावर. तुमच्या बाबतीत ते एक माणूस कोण होतं, तुम्हाला माहीत असेल. भावाला ते का मिळालं नाही, हेही कदाचित माहीत असेल.

हे लिहिताना चाळीचे गोडवे गायचा मोह होतो, तो मी आवरते. मीही नायगावच्या चाळीत वाढले. संडासच्या रांगेत मला कोणी आधार दिल्याचं आठवत नाही, टमरेलावरून शिव्या मात्र भरपूर मिळाल्या. मुलींना तर कपडे बदलायला मोरीचा पडदा, तोही अर्धा. पण एक होतं. दुपारी दार लोटलेलं दिसलं की शेजारीण ढकलून आत यायची, “काय गं, बरं नाही का?” तुमचे बाबा स्टुलावर बसायचे ते गॅलरीत. येणारा-जाणारा पायाला लागायचा, कोणी तंबाखू मागायचा, पोरं अंगावर आदळायची. बोलले नाहीत तरी ते माणसांत होते. शिवाय अडीच लाख माणसांची चूल एका दिवसात विझली होती. ‘माझंच काहीतरी चुकलं’ असं त्यातल्या एकालाही म्हणायची वेळ आली नाही. मालकाला शिव्या घालता येत होत्या, सरकारला घालता येत होत्या, पुढाऱ्यालाही.

तुमच्या मुलाकडे बघा. स्वतःची खोली, एसी. एसी म्हणजे दार बंद. मजल्यावर चार फ्लॅट, त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की हा महिनाभर घरी आहे? भांडुपहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, परत तेच, आणि घरी येऊन जेवणाच्या ताटाशेजारी लॅपटॉप. तुमच्या वडिलांचा साचा अवजड होता, पण भोंगा झाला की तो गिरणीतच राहायचा, घरी येत नव्हता. आणि नोकरी सुटली ती याच्या एकट्याची. बरोबरीची पोरं लिंक्डइनवर बढतीचे फोटो टाकतायत. तुम्ही कदाचित १९९४-९५च्या सुमाराला बँकेत लागला असाल. परीक्षा जबरदस्त होती, कबूल. पण आत गेल्यावर पाठीशी युनियन होती, स्टाफ लोन होतं, पुढे पेन्शन आहे. १ एप्रिल २०१०नंतर तुमच्याच बँकेत लागलेल्यांना ते जुनं पेन्शन नाही, तर ऐरोलीच्या कंपनीची काय कथा. तुम्ही सात जण दहा बाय बारात राहिलात हे खरं, पण तुमच्या पायाखालची जमीन बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घट्ट झाली. त्याच्या पायाखाली ती कधी होईल, हे त्याला कोणी सांगू शकत नाही.

मग ही पिढी अगदी आपल्यासारखीच आहे का? नाही हो, तसंही मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात एक खरी कळ आहे आणि ती मी तुमची समजूत काढण्यासाठी झाकणार नाही. या मुलांना छोट्या छोट्या फजितीचा सराव कमी आहे. कोणी तोंडावर नाही म्हणालं, वरिष्ठ चारचौघांत ओरडले, की त्यांना ते फार लागतं. पण तो सराव काढून कोणी घेतला? चौथीच्या प्रोजेक्टसाठी रात्री दहाला स्टेशनरीचं दुकान उघडायला लावून थर्माकोल आणणारे बाप मी पाहिलेत. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म कोणी भरला? क्लासच्या सरांशी फीबद्दल कोण बोललं? पहिल्यांदा एकटा लोकलने गेला तेव्हा तो किती वर्षांचा होता? आपल्याला जे सोसावं लागलं ते त्याला नको, म्हणून आपण हट्टाने रस्ता झाडत गेलो. मी स्वतः माझ्या मुलीचं दप्तर सातवीपर्यंत उचललं, तेव्हा हे बोलताना मीही त्या रांगेत उभी आहे. फक्त, सराव नसणं वेगळं आणि ताकद नसणं वेगळं. सराव चोविसाव्या वर्षीही करता येतो.

जाता जाता एक. २०१९ साली जॉन प्रोट्झ्को आणि जोनाथन स्कूलर या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की ज्याच्यात जो गुण जास्त, त्याला नेमका तोच हल्लीच्या पोरांत कमी दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं पोरं वाचत नाहीत, मोठ्यांपुढे मान तुकवणाऱ्याला वाटतं पोरं उद्धट झाली. तुम्ही निभावून नेणारे आहात. तेव्हा तुमचा चष्मा कुठल्या नंबरचा, ते तुम्हीच बघा.

आता कामाचं.

दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देणं मला शहाणपणाचं वाटत नाही. पण ते झालं. त्याची उजळणी रोज जेवताना करू नका. एकदा बोललात ना, पुरे. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य महिनाभर घरात बंद. अवघड आहे, मला माहीत आहे, जिभेवर आलं की पाणी प्या.

समुपदेशकाकडे त्याला जाऊ द्या. जाऊ द्या म्हणजे परवानगी दिल्यासारखं नव्हे, तो सज्ञान आहे. ‘पहिल्या दिवशी खाली थांबू का?’ एवढंच विचारा, नको म्हणाला तर घरी थांबा. आत काय बोलणं झालं ते विचारू नका. फी त्याच्या साठवणीतून जाऊ दे, म्हणजे ती त्याची गोष्ट राहील. त्याआधी जवळच्या डॉक्टरांकडून छातीतल्या धडधडीची साधी तपासणी करून घ्या, थायरॉइडसकट. कधी कधी कारण अगदी वेगळंच निघतं आणि मग सगळ्यांचाच वेळ वाचतो. रात्री-अपरात्री फार वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा. तुम्हालाही कधी लागेल.

एक प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचाय, आणि तो आडवळणाने नको : “जीव नकोसा होतो का रे कधी?” बापाला हा प्रश्न जड जातो. वाटतं, विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल. तसं होत नाही. उलट कोणीतरी सरळ विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटलेली कितीतरी माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत. ‘हो’ म्हणाला तर त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि त्याला एकटं सोडू नका. ‘नाही’ म्हणाला तर चहा करा.

आणि लाडही नकोत. त्याच्याशी बसून मुदत ठरवा, तीन महिने म्हणा किंवा चार, आकडा त्याच्या तोंडून येऊ दे. तोवर घरातली काही कामं पूर्णपणे त्याची. सोसायटीची मीटिंग, गॅस, आजीचं औषध आणणं, वीजबिलाची तक्रार असेल तर तिथे जाऊन भांडणं. यातलं तक्रारीचं काम सगळ्यात चांगलं. खिडकीपलीकडचा माणूस ‘उद्या या’ म्हणतो आणि आपण उद्या पुन्हा जातो, यातून जो सराव होतो तो कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. तुम्ही मागून फोन फिरवू नका. बँकेतल्या ओळखी तर अजिबात वापरू नका. घरखर्चाला थोडे पैसे त्याने दिले तर घ्या, ‘राहू दे’ म्हणू नका, त्याला ते जास्त लागेल.

एखाद्या रविवारी दोघे करी रोडला उतरा. तुमची चाळ उभी आहे की तिथे टॉवर आलाय, मला माहीत नाही, पण रस्ता तर असेल. पेपरची लाइन कुठून कुठवर होती ते त्याला चालत दाखवा. हे तुम्ही याआधी ऐकवलं असेल, तो कंटाळेल. म्हणून या वेळी ज्या भागाबद्दल आजवर बोलला नाहीत तो सांगा. बाबा गॅलरीत बसायचे तेव्हा शाळेतून येताना तुम्हाला काय वाटायचं? लाज वाटायची, भीती वाटायची, राग यायचा? भावाचं नेमकं काय झालं? त्याचं नाव तुमच्या मुलाला माहीत आहे ना? मला वाटतं तुमचा मुलगा ते ऐकेल. नाही ऐकलं तर दोघांनी मिसळ खा आणि परत या.

ता. क. नाव छापलेलं नाही. नेमका हुद्दा आणि बँकेचं नाव वगैरे तुम्ही लिहिलं होतं, तेही काढलंय. भांडुपात लाखो माणसं राहतात, ऑफिसात कोणी ओळखणार नाही. मुलाने राजीनाम्यात जे खरं कारण लिहिलं ते वाक्य मात्र तुमच्या शब्दांत तसंच ठेवलंय. तो हे सदर वाचतो का, ते कळवा.